मुंबईतलं आणखी एक मंडळ

उमरठचा मुलगा नोकरीसाठी मुंबईला निघतो, तेव्हा त्याचं गाव त्याच्या आधीच तिथं पोचलेलं असतं. पोलादपूर-महाडकडच्या बहुतेक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळला गावाची खोली असे. पाळ्या बदलत तशी माणसं आळीपाळीनं तिथं झोपत. भिंतीला ट्रंका आणि कोपऱ्यात देव. १९८२च्या संपानंतर गिरणगाव विस्कटलं. चाकरमानी विरार, दिवा, कल्याणकडे सरकले, पण मंडळं टिकली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वर्गणीची वही, वर्षाची सभा, शिमग्याची पालखी, गणपतीला जायच्या गाड्या हे सगळं चालूच राहिलं. कुणी वारलं तर प्रेत गावी न्यायची सोयही मंडळच बघतं. सरकारी मदतीशिवाय, कुणी न शिकवता आपल्या माणसांनी उभं केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

पण ज्या पुरुषाला पुरुषच आवडतो, त्याला या मंडळात आपल्या आयुष्यातली मुख्य गोष्ट बोलता येत नाही. मुलगा सव्विसाचा झाला की सभेनंतरच्या चहाला स्थळं निघतात. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, त्यांची समाधी तिथं आहे. रायबाचं लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर गेलेल्या बापाची गोष्ट तिथल्या पोरांना शाळेच्या आधीच पाठ होते. अशा गावात ‘मला लग्न करायचं नाही’ एवढंच सांगून सुटका होत नाही, कारण विचारतात. खरं कारण सांगितलं तर भावकीत काय होईल, हे त्याला लहानपणापासून कानावर पडलेल्या शिव्यांवरून कळलेलं असतं. म्हणून तो वर्गणी भरतो, पालखीला खांदा देतो, सगळ्यांच्या लग्नात राबतो आणि स्वतःबद्दल गप्प राहतो.

अशा माणसांनीही मुंबईत आणि पुण्यात आपली मंडळं काढली. ती कशी निघाली आणि कशी चालतात, ते सांगायला हा लेख.

१९९० साली पत्रकार अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं. समलिंगी पुरुषांनी उघडपणे आपल्यासाठी चालवलेलं, नोंदणी केलेलं असं नियतकालिक देशात आधी नव्हतं. अंक वाचणाऱ्यांना एकमेकांना भेटायचं होतं. त्यासाठी लागणारी जागा आणि माणसं ‘हमसफर ट्रस्ट’नं दिली. अशोक राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी १९९४ साली तो स्थापन केला. पुढं सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत ट्रस्टला जागा मिळाली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा लागू होतं. अशा काळात महापालिकेच्या इमारतीत समलिंगी पुरुषांची बैठक भरत होती, हे आज वाचतानाही नवल वाटतं. त्यामागचं कारण साथीचं होतं. एचआयव्ही पसरत होता आणि या पुरुषांपर्यंत सरकारी माणूस पोचू शकत नव्हता. आरोग्य खात्याला ‘हमसफर’ची गरज होती.

त्या गरजेनं पुष्कळ दिलं: चाचणी, उपचार, समुपदेशक, पगारी कार्यकर्ते. पण अनुदान रोगासाठी येतं. किती जणांची तपासणी झाली आणि किती निरोध वाटले, याचा हिशेब मागितला जातो. तिथल्या शुक्रवारच्या बैठकीत दोन तास कुणीतरी कुणाचं ऐकून घेतलं, याला कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो. माझ्या मते संस्थेचा जीव त्या दोन तासांत आहे. १९९८ साली सुरू झालेल्या ‘गे बॉम्बे’ या गटानं त्यामुळंच वेगळी वाट धरली. अनुदान नाही, पगारी माणूस नाही. रविवारच्या गाठीभेटी, सिनेमा, सह्याद्रीतली भटकंती आणि आईवडिलांसाठी बैठका, एवढंच स्वयंसेवकांच्या जोरावर चालवायचं.

महाडकराला मुंबईपेक्षा पुणं जवळ. वरंधा घाट चढून भोर, भोरवरून पुणं, मात्र पावसाळ्यात हा घाट बऱ्याचदा बंद असतो. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ काढला. खिरे संगणक क्षेत्रातले. अमेरिकेत असताना तिथल्या दक्षिण आशियाई समलिंगी मंडळींच्या ‘त्रिकोण’ या गटाशी त्यांचा संबंध आला होता. परत आल्यावर त्यांनी केलेल्या कामातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं मराठी. या विषयावरचं बहुतेक बोलणं तोवर इंग्रजीत चाले. ज्या मुलाची इंग्रजीची भीती दहावीनंतरही गेलेली नाही, त्याला ते ऐकून वाटायचं की हे श्रीमंतांच्या घरचं प्रकरण आहे, आपलं काहीतरी वेगळंच बिघडलेलं असणार. खिरे यांनी ‘पार्टनर’ ही रोजनिशीच्या रूपातली कादंबरी लिहिली, ‘इंद्रधनु’ लिहिलं, आणि पालक व नातेवाइकांच्या अनुभवांचं ‘मनाचिये गुंती’ काढलं. २०११ साली पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली, तीही त्यांच्याच पुढाकारानं.

आता प्रत्यक्ष बैठकीकडं येऊ. मंडळ चालवणाऱ्यांनी हे बारकाईनं बघावं.

वार आणि वेळ ठरलेली असावी आणि ती बदलू नये. नवा माणूस दोन-तीन महिने मनाशी झगडून येतो. त्या दिवशी कुलूप दिसलं तर तो पुन्हा येत नाही. आल्यावर तो दाराजवळची खुर्ची धरतो आणि चप्पल हाताशी येईल अशी काढून ठेवतो. त्याला ‘नाव काय, गाव कुठलं, काम काय’ असं विचारायचं नाही. आपल्याकडं ओळखीची सुरुवात याच तीन प्रश्नांनी होते आणि इथं तेच तीन प्रश्न त्याला पळवून लावतात. ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ एवढं पुरतं. त्यानं सांगितलेलं नाव खोटं असेल, असू दे. फोटो काढायचा नाही. कुणाचा फोन नंबर त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचा नाही. बैठकीतला माणूस रस्त्यात दिसला तर त्यानं ओळख दाखवेपर्यंत आपण दाखवायची नाही, कारण त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ असू शकतो.

चहा असावाच. हातात पेला असला की न बोलता बसता येतं. विषय ठरवून ठेवावा: कायदा, आरोग्य, एखादा सिनेमा, घरी कसं सांगावं. पहिल्या-दुसऱ्या वेळेला माणूस फक्त ऐकतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला बोलायला लागतो आणि मग थांबत नाही. बोलणं कामाचं, घरभाड्याचं, आईच्या गुडघ्याचंही असतं. इतरांना जे कुठंही बोलता येतं, ते मागचापुढचा संदर्भ न लपवता बोलायला त्याला ही एकच जागा.

भांडणं होतात. कुणाचं जमतं, कुणाचं तुटतं आणि दोघं एकाच बैठकीला येतात. इंग्रजी बोलणारे एका कोपऱ्यात, मराठी-हिंदीवाले दुसऱ्या. जातही दाराबाहेर राहत नाही. बायकी चालीच्या मुलाला ‘तू जरा नीट वाग’ असं सांगणारे गटातच निघतात, आणि मला ते फार लागतं, कारण त्याच मुलानं गावात सर्वांत जास्त मार खाल्लेला असतो. चालवणाऱ्यानं तिथंच थांबवावं, नंतर बाजूला घेऊन नव्हे.

लग्न झालेले पुरुष येतात, बरेच येतात. त्यांना हाकलू नये. पण घरात एक बाई आहे आणि तिला काहीच सांगितलेलं नाही, हे त्यांच्याशी बोललंच पाहिजे. ज्याचं लग्न अजून व्हायचं आहे, त्याला स्पष्ट सांगावं की दडपणाखाली बोहल्यावर उभं राहू नकोस, तिचं आयुष्य पणाला लावायचा तुला अधिकार नाही. एवढं एक काम जरी गटानं केलं, तरी दोन घरं वाचतात.

मोबाईलवरून ओळख वाढवून एकांतात बोलवायचं, मारायचं, पैसे काढायचे आणि ‘घरी सांगू’ अशी धमकी द्यायची, हे प्रकार होतात. बळी पडलेला पोलिसांत जात नाही. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा. ठाण्यात त्याच्यासोबत जाईल असा एक माणूस आणि ओळखीचा एक वकील गटाकडं हवाच.

नोंदणीचं सांगायचं तर सात माणसं जमली की १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था होते. ज्या दंडसंहितेत कलम ३७७ होतं, ती सुद्धा १८६०चीच. पुढं धर्मादाय आयुक्तांकडं हिशेब, लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की बदल अर्ज. ग्रामस्थ मंडळाच्या खजिनदाराला यातलं काहीच नवीन नाही.

नोंदणी ही पुढची पायरी, लपूनछपून सुरू होणं हे जगभर झालं. ॲमस्टरडॅममध्ये १९४६ साली समलिंगी मंडळींनी जो गट काढला, त्याचं पहिलं नाव ‘शेक्सपियर क्लब’ होतं. आज तो ‘सीओसी’ म्हणून ओळखला जातो. जगात अखंड चालू असलेली अशी ती सर्वांत जुनी संस्था.

आपल्या कोकणाचाही या विषयात एक जुना धागा आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचक लैंगिक शंका विचारत, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलच्याही असत, आणि कर्वे त्यांना न डाफरता उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची वकिली डॉ. आंबेडकरांनी केली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. महाडच्या तळ्यावर उभा राहिलेला माणूस या विषयासाठीही कोर्टात उभा राहिला होता, हे महाडकरांना शाळेतच सांगायला हवं.

कायदा बदलायला त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षं गेली. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये काढून घेतली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कायमची दिली. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं नाकारला. समलैंगिकता हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच मान्य केलं आहे. ‘बरा करतो’ म्हणणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं. तरी मांत्रिकाचा अंगारा आणि शहरातली गोळी, दोन्ही अजून चालू आहेत.

रायगडला आणखी एका कायद्याची माहिती हवी. गावकीनं कुटुंब वाळीत टाकल्याच्या तक्रारी आपल्या जिल्ह्यातून इतक्या आल्या की जिल्ह्याचं नाव राज्यभर त्यासाठी घेतलं जाऊ लागलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली झाला, २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लैंगिकतेवरून भेदभाव करणं हेही त्यात बहिष्काराच्या कृत्यांत मोजलं आहे. मुलगा समलिंगी आहे म्हणून त्याच्या घरी जाणं-येणं बंद करा, असा ठराव गावकीत कुणी मांडला, तर तो मांडणाराच अडचणीत येईल.

महाडला किंवा पोलादपूरला उद्या असा गट निघेल का? खोली भाड्यानं घेऊन पाटी लावणं आज जमणार नाही. बाजारपेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात, दुकानदाराला कोण कुणाचा मुलगा ते कळतं. पण महाडच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरगावची शेकडो पोरं खोल्या करून राहतात. सुरुवात तीन-चार माणसांच्या फोनवरच्या बोलण्यानं होऊ शकते, मग पुण्याच्या किंवा पनवेलच्या एखाद्या बैठकीला जोडीनं जाणं, मग आपल्याच डोंगरात एक दिवसाची भटकंती. शहरांतले गट असेच वाढले. नागपुरात ‘सारथी’, सांगलीत ‘संग्राम’च्या आधारानं ‘मुस्कान’ हे सगळं मुंबई-पुण्याबाहेरच घडलं आहे.

ग्रामस्थ मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. तुमच्या वर्गणीच्या वहीत असे सभासद आज आहेत. स्थळ काढताना पोरानं नको म्हटलं तर एकदाच विचारा आणि सोडून द्या. सभेत त्या शिव्या हसण्यावारी नेऊ नका. कुणाच्या बापाला कळलं आणि तो कोलमडला, तर त्याला एकटं सोडू नका. मुंबईत ‘स्वीकार’ हा अशाच आईवडिलांचा गट २०१७ पासून काम करतो आहे, तिथं त्याला पाठवा. आणि हा लेख वाचणारा जो गप्प आहे, त्यानं ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.