भिंतीवरची यादी

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर मराठी माणसाला परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. पुढे १८०३ साली, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, या घराण्याचा इतिहास मराठीत याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर कोरला गेला. परंतु त्या मंदिरात त्याहून आठशे वर्षे जुने तमिळ शिलालेखही आहेत आणि त्यांतील एक लेख म्हणजे चक्क एक यादी आहे.

चोळ सम्राट पहिला राजराज याने १०१० च्या सुमारास हे मंदिर पूर्ण केले. मंदिराच्या सेवेसाठी त्याने ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी आणून वसवल्या. प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला शंभर कलम भात असा वाटा नेमून दिला. कलम हे धान्याचे जुने माप होय. शिलालेखात या स्त्रियांची नुसती संख्या देऊन भागवलेले नाही. तिचे नाव काय, ती कोणत्या गावच्या देवळातून आली, तिचे घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस कितवे, हे सारे एकेकीच्या बाबतीत नोंदवले आहे. एखादी मरण पावली किंवा गाव सोडून गेली, तर तिचा वाटा जवळच्या नातलगास मिळावा. तो त्या कामास योग्य नसेल तर योग्य माणूस निवडावा, असेही लिहिले आहे. म्हणजे जागा कोणाला मिळाली याबरोबरच रिकामी झालेली जागा कशी भरायची, हेही दगडावर कोरलेले होते. राजाचा हेतू आपल्या दानाची कीर्ती टिकावी हा असेल. तरीही या नोंदीमुळे एकीचा वाटा गुपचूप दुसरीच्या नावावर करणे अवघड झाले असणार.

याच चोळांच्या राज्यात, कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूर गावी, दहाव्या शतकाच्या आरंभीचे पहिल्या परांतकाच्या काळातील दोन शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांवर माणसे कशी निवडावीत, याचे नियम त्यांत दिले आहेत. निवड चिठ्ठ्या टाकून होई. गावाच्या तीस विभागांतील पात्र माणसांची नावे चिठ्ठ्यांवर लिहीत आणि विभागवार जुड्या बांधून मडक्यात टाकीत. त्या वेळी लहानथोरांसह सारी सभा हजर असे. एक वृद्ध पुजारी उठून ते मडके सर्वांना दिसेल असे उचलून धरी. आत काय आहे हे ठाऊक नसलेला एक लहान मुलगा जुडी काढी. ती दुसऱ्या रिकाम्या मडक्यात सोडून, हलवून, त्यातून एक चिठ्ठी उचली. ती चिठ्ठी मध्यस्थाने पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घ्यायची, कारण मिटलेल्या मुठीत दुसरी चिठ्ठी लपवता येते. मग तो नाव वाचून दाखवी, तेथे बसलेले सर्व पुजारी तेच नाव पुन्हा वाचीत आणि त्यानंतरच नोंद होई. ही निवड जमीन असलेल्या, वेद जाणणाऱ्या पुरुषांपुरतीच होती, हे विसरता येत नाही. गावातील बहुसंख्य लोकांची नावे त्या मडक्यापर्यंत पोहोचतच नव्हती. पण सोडतीत लबाडी कोठे शिरू शकते, याची त्या लोकांना नेमकी जाण होती.

आज चिठ्ठीवर लहान मुलांची नावे असतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र हे बंधन नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणे वा पालकांची मुलाखत घेणे यास कायद्याने मनाई आहे. अर्ज जास्त आणि जागा कमी असतील, तर यादृच्छिक पद्धत, म्हणजे सोडत, हाच मार्ग उरतो. महाराष्ट्रात ही सोडत संगणकावर एकत्रित काढली जाते. तमिळनाडूत अर्ज संकेतस्थळावर भरले जातात. मात्र जास्त अर्ज आलेल्या शाळेत सोडत तेथेच, पालकांसमक्ष काढण्याची पद्धत राहिली आहे. दिल्लीच्या शिक्षण संचालनालयाने तर खाजगी शाळांतील बालवर्गाच्या प्रवेशाबाबत असे बजावले आहे, की चिठ्ठ्या पेटीत टाकण्यापूर्वी पालकांना दाखवाव्यात आणि सोडतीचे चित्रीकरण करावे. उत्तिरमेरूरचे मडके येथे पेटीच्या रूपाने पुन्हा भेटते.

संगणकाचे मडके मात्र उचलून दाखवता येत नाही. तेथे खात्री वेगळ्या रीतीने करून द्यावी लागते. सोडतीपूर्वी सर्व पात्र अर्जांची क्रमांकवार यादी प्रसिद्ध करावी, म्हणजे मागाहून कोणाचे नाव घुसवता येणार नाही. ज्या आकड्यावरून संगणक क्रम ठरवतो तो आकडा पालकांसमोर चिठ्ठीने काढावा. नंतर निवडलेल्यांबरोबर न निवडलेल्यांचाही पूर्ण क्रम जाहीर करावा.

हा उरलेला क्रम म्हणजेच प्रतीक्षायादी. सोडतीच्या दिवशी गर्दी असते, डोळे असतात. प्रतीक्षायादी सरकते ती मात्र पुढच्या आठवड्यांत, शाळेच्या कचेरीत, कोणी पाहत नसताना. समजा, तंजावरच्या एका शाळेत पहिल्या वर्गाच्या चाळीस जागा आहेत. त्यांतील दहा राखीव, आणि त्यांसाठी अर्ज आले चौतीस. तमिळनाडूत अनाथ, दिव्यांग, एच.आय.व्ही. बाधित अशा काही मुलांना सोडतीआधी प्राधान्य असते. तशी दोन मुले आली. आठ जागा सोडतीने भरल्या आणि चोवीस मुले प्रतीक्षायादीत राहिली. पुढे तीन मुले प्रवेश घ्यायला आलीच नाहीत. आता त्या जागा पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाला मिळावयास हव्यात. पण दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचे वडील भातशेतीत मजुरी करतात. ते दिवस मोडून शाळेत गेले तेव्हा 'जागा भरल्या' एवढेच उत्तर त्यांना मिळाले. ते उत्तर खरे असेल किंवा खोटेही असेल. फलकावर केवळ पहिली दहा नावे लावली असतील, तर ते तपासण्याचे कोणतेही साधन त्यांच्या हाती नाही. उलट, प्रतीक्षायादीचा पूर्ण क्रम, कोणती जागा कोणत्या तारखेला रिकामी झाली, ती कोणत्या क्रमांकाला देऊ केली आणि त्याने ती घेतली की सोडली, एवढी नोंद फलकावर असेल, तर वाद घालण्याचीही गरज पडत नाही. दोन जागा सोडतीआधीच भरल्या, हेही तेथे लिहिलेले हवे. नाहीतर दहाच्या आठ जागा कशा झाल्या, या शंकेने शाळा प्रामाणिक असूनही बदनाम होते.

मात्र येथे राजराजाचे अनुकरण करून चालणार नाही. नाव, गाव, घराचा क्रमांक असे सारे भिंतीवर लावले, तर एखादे मूल एच.आय.व्ही. बाधित आहे, ही गोष्ट सगळ्या पेठेला कळेल. जागा मिळेल, पण त्या मुलाला वर्गात बसणे कठीण होईल. म्हणून प्राधान्याने भरलेल्या जागांची संख्या उघड असावी, कोणत्या मुलाला कोणत्या कारणाने प्राधान्य मिळाले हे नव्हे. यादी अर्ज क्रमांकाने लावली तरी काम भागते. पालकाला आपला क्रमांक ठाऊक असतो. परक्याला त्यातून काही कळत नाही. जात, आजार, उत्पन्न यांचे दाखले कार्यालयाच्या कपाटातच राहावेत.

वेळापत्रक जाहीर होणे हादेखील याच पारदर्शकतेचा भाग आहे. २०२५ मध्ये केंद्र व राज्य यांच्यातील निधीच्या वादामुळे तमिळनाडूत ही प्रवेशप्रक्रिया नेहमीच्या एप्रिल-मे महिन्यांऐवजी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तोपर्यंत शाळांचे निम्मे वर्ष होत आले होते. वाट पाहावी की दुसरी शाळा शोधावी, हे ठरवणे ज्यांच्या हातात तारीख नाही त्यांना किती कठीण गेले असेल!

यादी लागली नाही, तर ती मागता येते. माहितीचा अधिकार २००५ सालच्या कायद्याने दिला आहे. खाजगी शाळा बहुधा थेट त्याच्या कक्षेत येत नाही. पण या प्रवेशांची माहिती शिक्षण खात्याकडे जमा होत असते, तेव्हा अर्ज जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे करावा. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. उत्तर तीस दिवसांच्या आत मिळावयास हवे. अर्जात 'माझ्या मुलीवर अन्याय झाला' असे लिहून उपयोग होत नाही, कारण ती तक्रार झाली, माहिती नव्हे. शाळेचे नाव व वर्ष घालून असे विचारावे: राखीव जागा किती होत्या? पात्र अर्ज किती आले? प्रतीक्षायादीचा क्रम काय होता? रिकाम्या झालेल्या प्रत्येक जागेवर कोणत्या अर्ज क्रमांकास, कोणत्या तारखेस प्रवेश देण्यात आला?