‘व्हील’ आणि चाक : एका घरातले शब्द

‘सायकलचं चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारत असतो. ‘चाक’ हे संस्कृत ‘चक्रा’चं प्राकृतातून झिजत आलेलं रूप, तर ‘सायकल’ ग्रीक ‘कुक्लोस’मधून लॅटिनमार्गे इंग्रजीत पोचलेली. तिसरं भावंड म्हणजे इंग्रजीचा घरचा शब्द ‘व्हील’. तो दिसायला सर्वांत परका, पण नात्याचा भक्कम पुरावा त्याच्याकडेच आहे. जुन्या इंग्रजीत त्याची ‘ह्वेओगोल’, ‘ह्वेओल’ अशी रूपं सापडतात. या भावंडांच्या समान पूर्वज भाषेतला ‘क’ जर्मानिक भाषांत (इंग्रजी त्यांतलीच) ‘ह’ झाला, हा नियम भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. आपल्या ‘कोण’समोर इंग्रजीत ‘हू’ येतो तो याच नियमाने. संस्कृतात वेगळं घडलं. ज्या ‘क’पुढे ‘ए’सारखा स्वर होता त्याचा ‘च’ झाला आणि मग तो स्वरही ‘अ’मध्ये विरून गेला. ‘चक्र’मधला पहिला ‘क’ असा बदलला. दुसऱ्यापुढे व्यंजन असल्याने तो टिकला. एकाच ध्वनीची दोन रूपं या एका शब्दात शेजारी उभी आहेत, आणि असा नियमबद्ध मेळ योगायोगाने पडत नाही.

वस्तूबरोबर नावही उसनं आलं असेल, अशी शंका कुणी घेईल. पण उसना शब्द नवा असतो, जुन्या ध्वनिबदलांतून तो गेलेला नसतो. ‘सायकल’ इंग्रजीत आली तेव्हा ‘क’चा ‘ह’ करणारा बदल केव्हाच आटोपला होता, म्हणून तिचा दुसरा ‘क’ शाबूत आहे. ‘व्हील’ त्या बदलाच्या आधीपासून घरात होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मूळ धातूचा अर्थ ‘फिरणं’, तेव्हा प्रत्येक भाषेने त्यावरून स्वतंत्रपणे चाकाचं नाव घडवलं असेल. मात्र तोच धातू, त्याचं तसंच द्वित्व (आरंभीच्या ध्वनीची पुनरुक्ती) आणि तोच अर्थ इतक्या शाखांत पुनःपुन्हा जुळून येणं कठीण. शिवाय गाडीचे इतर भागही साक्षीला आहेत. संस्कृत ‘अक्ष’ आणि लॅटिन ‘अॅक्सिस’, बैलांच्या मानेवरचं ‘जू’ (मूळ ‘युग’) आणि इंग्रजी ‘योक’ या जोड्या एकाच कुळातल्या.

पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथल्या मातीच्या भांड्यावर चारचाकी गाडीसारखं चित्र आहे, इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० चं. चाकाचा शब्द सामायिक असेल, तर या भाषांचे पूर्वज चाक हाती येईपर्यंत, म्हणजे साधारण या काळापर्यंत तरी एकत्र होते, असं मानायला आधार मिळतो. याच कुळातल्या हित्ती या प्राचीन भाषेत मात्र चाकाला ‘हुर्की’ हा वेगळाच शब्द आहे. हित्तीची शाखा सर्वांत आधी वेगळी झाली, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.