पळस आणि वानर

गौताळ्याच्या पायथ्याच्या वस्त्या पाहून आलेले मंडळीतील बंधुभगिनी मला हमखास विचारतात, "ती माकडे मक्यात शिरतात, मग भिल्ल-ठाकर लोक त्यांचा बंदोबस्त का करत नाहीत?" याचे उत्तर मला पळसापासून सुरू करावे लागते.

पण आधी नाव नीट घेऊ. ती माकडे नव्हेत, वानरे. माकडाचे तोंड लालसर, गालात दाणे साठवायची पिशवी. वानराचे तोंड काळे, शेपूट अंगाहून लांब. गालात पिशवी नसते, पण पोटात कप्पे असतात. गुरांच्या पोटासारखा तिथे पाला आंबतो, म्हणून वानर जून पानांवरही निभावते.

पळसाला पाने तीनच, हे आपण म्हणतोच. शेंगेतही बी एकच, तेही टोकाला. वानरीलाही सुमारे साडेसहा महिन्यांनी बहुधा एकच पिल्लू होते. फरक एवढाच, की संकट आले की वानर उडी मारून निघून जाते आणि पळस जागीच राहतो. तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो.

दोघांची गाठ पडते फाल्गुनात. रान वाळलेले, पाणवठे आटत चाललेले, आणि निष्पर्ण पळस केशरी फुलांनी भरलेला. मैना, सूर्यपक्षी मधासाठी येतात व परागकण दुसऱ्या झाडावर नेतात. वानर मात्र कळ्या-फुले ओरबाडते. झाडाचा तोटाच, पण वानराचे कठीण दिवस निघतात.

पुढे नवी पालवी आली की बाया पत्रावळी-द्रोणांसाठी पाने तोडतात. मुळांच्या वाखाचा दोर होतो, फुलांचा रंग. म्हणून वस्तीच्या हिशोबात पळस जमेला, वानर खर्चाला.

गौताळा औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या कायद्याने वानर मारता येत नाही. कित्येक जण तर त्याला मारुतीचे मानून हातही लावत नाहीत. उरतो उपाय रानातच. बांधावरचा, गायरानातला पळस सरपणासाठी गेला, की उन्हाळ्यात वानराला खायला कमी आणि बाईला पाने कमी. माझ्या मते कुंपणाआधी या झाडांचा विचार व्हावा.

वेरूळ-दौलताबादच्या सहलीत वानरांना बिस्किटे टाकू नका. माणसाच्या हातची सवय लागलेले वानर शेतातही बिनधास्त शिरते. आणि पुढच्या प्रीतिभोजनाला थर्माकोलच्या ताटांऐवजी पत्रावळी हव्या असतील तर महिनाभर आधी कळवा. पाने खुडून, वाळवून टाचायला बायांना तेवढा वेळ लागतो.