मुलांबरोबर फ्रेंच सहलीला जाताना



गोदामे आणि वर्कशॉपसाठी ओळखल्या जाणाऱ्या अल क्वोजमध्ये भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले तिथे शिकतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, शिवाय नववीपर्यंत अरबी. त्यात कुणी फ्रेंच घेतले की एखाद्या दिवशी दप्तरातून कागद निघतो: फ्रान्सला आठ दिवसांची भाषा सहल, सोबत येऊ शकणाऱ्या पालकांनी नावे कळवावीत. आम्ही काही पालक अशा सहलींना जाऊन आलो आहोत. नाव देण्यापूर्वी काय माहीत असावे, ते इथे एकत्र लिहीत आहोत.

आपण कशासाठी जातो?

आपण पाहुणे नसतो आणि शिक्षकही नसतो. शिकवायचे काम शिक्षकांचे. मुले मोजणे, त्यांची औषधे वेळेवर देणे, रात्री खोल्या तपासणे आणि कुणी आजारी पडले तर त्याच्याजवळ थांबणे, हे आपले काम. आयफेल टॉवर वर जाऊन बघायला मिळेलच असे नाही, कारण उंचीला घाबरणारा एखादा मुलगा खाली बसलेला असतो आणि त्याच्याजवळ कुणीतरी हवेच. साधारण दहा मुलांमागे एक मोठा माणूस असावा. आपले मूल शक्यतो दुसऱ्या पालकाच्या गटात द्यावे. ते मोकळे राहते आणि आपले लक्ष सर्वांवर सारखे राहते.

कागदपत्रे

१. अठरा वर्षांखालील मुलांचा भारतीय पासपोर्ट साधारणपणे पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे तो नकळत संपत येतो. शेंगेन व्हिसासाठी परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत आणि दोन कोरी पाने लागतात. सहलीचा कागद हातात आला की आधी पासपोर्ट काढून बघा.

२. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. निर्णयाला नेहमी १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ही फी माफ असते, म्हणून शाळेच्या पत्रात सहलीचा हेतू स्पष्ट लिहिलेला हवा. सोबत जाणाऱ्या पालकांना मात्र ती भरावी लागते. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा सर्वांनाच लागतो.

३. आई आणि वडील दोघांच्या सहीचे संमतीपत्र प्रत्येक मुलामागे हवे. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या देशात असतील तर ही सही आधीच मागवून ठेवा.

४. एप्रिल २०२२ पासून यूएईचा निवासी व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, एमिरेट्स आयडी हाच पुरावा. मुलांची ही कार्डे घरी ड्रॉवरमध्ये राहतात. परतीच्या विमानाच्या काउंटरवर ती लागतात.

पासपोर्ट हरवला तर?

याचा विचार जाण्यापूर्वीच व्हायला हवा. पॅरिसच्या भारतीय दूतावासातून तातडीचा दाखला मिळू शकतो, पण तो फक्त भारतात परतण्यासाठी असतो. म्हणजे शाळा, आईवडील आणि घर दुबईत, पण मुलाला या दाखल्यावर जाता येईल ते मुंबईला! दुबईला परतायचे तर नवा पासपोर्ट आणि यूएईची परवानगी, दोन्ही मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि त्या मुलाबरोबर एका मोठ्या माणसालाही. पॅरिसच्या मेट्रोत खिसेकापू आहेत. म्हणून पासपोर्ट मोठ्यांकडे, मुलांच्या खिशात छायाप्रत, आणि सर्वांच्या प्रती मागे राहणाऱ्या एका पालकाकडे ईमेलवर.

मेट्रोचा नियम

एक मोठा माणूस सर्वात आधी चढतो, एक सर्वात शेवटी. तरी चुकामूक झालीच तर मुलांना दोन वाक्ये पाठ हवीत. फलाटावर राहिलास तर तिथेच थांब, आम्ही परत येतो. एकटाच गाडीत चढलास तर पुढच्या स्टेशनवर उतर आणि तिथेच थांब. सगळे एकमेकांना शोधत फिरू लागले की कुणीच सापडत नाही. युरोपभर आणीबाणीसाठी ११२ हा नंबर चालतो, तो मुलांना आधीच सांगून ठेवा.

खाणेपिणे

युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस तसेच दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तेव्हा तूप, पेढे, बर्फी घरीच राहू द्या. खाकरा, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू न्यावेत. यजमान कुटुंबासाठी इथला खजूर उत्तम भेट ठरते. ताजी फळे न्यायला सहसा प्रमाणपत्र लागते, पण ज्या थोड्या फळांना त्यातून सूट आहे त्यांत खजूर आहे.

नुसते ‘शाकाहारी’ म्हटले की अंडे ताटात येतेच, कधी मासाही येतो. म्हणून मुलांना ‘सां व्यांद, सां प्वासों, सांझ अफ’ असे तिन्ही वेगवेगळे सांगायला शिकवावे: मांस नको, मासे नको, अंडे नको.

बोलू द्या त्यांना

सर्वात अवघड काम हेच आहे. बेकरीच्या काउंटरवर मूल अडखळते, मागे रांग वाढते, आणि आपल्या तोंडी इंग्रजी वाक्य तयार असते. ते गिळायचे. ज्या एका पावासाठी मुलाने स्वतः तीनदा वाक्य जुळवले, तो पाव त्याला वर्षभर आठवतो. आपण मदत केली तर त्याला फक्त पाव मिळतो. यजमानांच्या घरी राहणाऱ्या मुलांना रोज रात्री फोन करून ‘काय जेवलास?’ विचारू नका. जेवणाच्या टेबलावरच भाषा येते, आणि फोन आला की मूल टेबलावरून उठते.

हे घरच्या पालकांनाही लागू आहे. उन्हाळ्यात पॅरिस दुबईच्या दोन तास मागे असते, हिवाळ्यात तीन. रोज एका ठरलेल्या वेळी सर्वांना एकच निरोप जाईल, असे निघण्यापूर्वीच्या सभेत ठरवून टाका. निरोप नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे, हेही तिथेच सांगावे.

सुट्टीत गावी आजीसमोर मराठी बोलताना हीच मुले अशीच अडखळतात आणि आपण लगेच मधे बोलून वाक्य पुरे करतो. फ्रान्समध्ये आठ दिवस गप्प राहायची सवय झाली, तर ती तिथेही उपयोगी पडेल.

आपल्यापैकी कुणी जर्मन किंवा अन्य भाषेच्या सहलीला जाऊन आले असेल, तर आपला अनुभव मंडळाकडे जरूर लिहून पाठवा. पुढच्या पालकांना त्याची मदत होईल.