वंध्यत्वाच्या उपचारापूर्वीच्या तपासण्या

विवाहाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की दांपत्याच्या हाती हळूहळू एक फाईल जमू लागते. तीत रक्ताचे अहवाल असतात, सोनोग्राफीची चित्रे असतात, एखादे क्ष-किरण चित्र असते, आणि पूर्वी कधी तरी केलेल्या ‘क्युरेटिंग’चा कागदही असतो. दवाखाना बदलला की यांतील निम्म्या तपासण्या पुन्हा केल्या जातात. फाईल जाड होते. परंतु उपचाराचा निर्णय त्या प्रमाणात जवळ येतोच असे नाही. आणि ज्या एका कागदाची या फाईलीत पुष्कळदा वानवा असते, तो म्हणजे पतीच्या वीर्यतपासणीचा अहवाल.

एखादी तपासणी करावी की न करावी हे ठरविण्याची कसोटी तशी साधी आहे. निष्कर्ष एका प्रकारचा आला तर आपण काय करणार आणि दुसऱ्या प्रकारचा आला तर काय करणार, हे दोन प्रश्न तपासणीपूर्वीच विचारावेत. दोहोंचे उत्तर एकच असेल, तर त्या तपासणीने ज्ञानात भर पडेल, उपचारात पडणार नाही. ज्ञान वाढविणे वाईट नव्हे. परंतु त्यासाठी स्त्रीला भूल देऊन तिच्या पोटाला छेद घ्यावयाचा असेल, तर त्या ज्ञानाची किंमत फार होते.

मुळात तपासण्यांना आरंभ केव्हा करावा? कोणतेही गर्भनिरोधक न वापरता वर्षभर सहवास होऊनही गर्भधारणा झाली नाही, तर त्यास वंध्यत्व म्हणावे, असा सर्वमान्य संकेत आहे. भारतातील सहाय्यित प्रजननासंबंधीच्या २०२१ च्या कायद्यानेही हीच मुदत स्वीकारली आहे. स्त्रीचे वय पस्तिशीपलीकडे असेल तर सहा महिन्यांनंतर थांबू नये. पाळी अत्यंत अनियमित असणे, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेला असणे, ओटीपोटाची शस्त्रक्रिया झालेली असणे, अशा प्रसंगी तर वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

पहिली तपासणी पतीची. सुमारे निम्म्या दांपत्यांमध्ये पुरुषाकडील वैगुण्य हे अपत्यहीनतेचे एकमेव किंवा अंशतः कारण असते. वीर्यतपासणीला भूल लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, खर्चही थोडा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली या तपासणीची पद्धती पुस्तकरूपाने घालून दिली आणि २०२१ मध्ये त्या पुस्तकाची सहावी आवृत्ती निघाली. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस सहवास टाळावा लागतो, एवढेच पथ्य. अहवाल सदोष आला तरी एकाच नमुन्यावरून निकाल देऊ नये. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी आलेल्या तापाचाही त्यांच्या संख्येवर परिणाम होऊ शकतो. म्हणून तीन महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करणे श्रेयस्कर. इतकी सोपी तपासणी मागे राहते आणि पत्नीची शस्त्रक्रिया आधी होते, याचे कारण वैद्यकशास्त्रात सापडणार नाही. ते आपल्या घरांत आहे. मूल न होण्याचा दोष सुनेच्या माथी मारण्याची सवय इतकी जुनी आहे, की मुलाला तपासणीस पाठविणे हा त्याचा अपमान वाटतो.

दुसरा प्रश्न स्त्रीबीज सुटते की नाही हा. पाळी महिन्याच्या महिन्याला नियमित येत असेल, तर बीज बहुधा सुटत असते. शंका असल्यास पाळीच्या उत्तरार्धात रक्तातील एका संप्रेरकाची तपासणी पुरते. पूर्वी एवढ्यासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाई. १९५० साली त्याचे शास्त्र सिद्ध झाले आणि कित्येक दशके ते प्रमाण मानले गेले. पुढे असे आढळले, की ज्या स्त्रियांना सहज मुले होतात त्यांच्याही अस्तरात तोच तथाकथित दोष तितक्याच वेळा दिसतो. तेव्हा ही तपासणी नेहमीच्या यादीतून निघाली. सहवासानंतर काही तासांनी गर्भाशयमुखावरील स्राव तपासण्याची पद्धतही अशीच मागे पडली.

‘पिशवी साफ करणे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्युरेटिंगबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. पिशवी साफ केली की मूल राहते, ही समजूत खेड्यापाड्यांत आणि शहरांतही दृढ आहे. गर्भाशय हे काही गंज चढलेले भांडे नव्हे. दर महिन्याला पाळीच्या रूपाने त्याचे अस्तर आपोआप नवे होत असते. उलट अस्तर खोलवर खरवडले गेले तर गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि पाळी क्षीण होते किंवा थांबते. आशरमन या वैद्याने १९४८ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. वंध्यत्व घालविण्यासाठी केलेल्या क्रियेनेच वंध्यत्व यावे, याहून विपरीत ते काय?

तिसरा प्रश्न बीजनलिकांचा. गर्भाशयात अपारदर्शक द्रव सोडून क्ष-किरणांनी नलिकांचे चित्र घेण्याचा प्रयोग अमेरिकेत १९१४ मध्ये झाला. आजही पाळी संपल्यावर आणि बीज सुटण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत ही तपासणी करतात. ती थोडी वेदनादायक असते, पण भुलीची गरज सहसा पडत नाही. चित्रात नलिका गर्भाशयालगतच बंद दिसली तर धीर सोडू नये. द्रव शिरताना तेथील स्नायू आखडल्यामुळेही असे दिसू शकते. या तपासणीचा एक अनपेक्षित गुण नेदरलँड्समधील अभ्यासात स्पष्ट झाला. अकराशेहून अधिक स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेलयुक्त द्रव वापरलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पुढील सहा महिन्यांत गर्भ राहिला, तर जलयुक्त द्रव वापरलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. म्हणजे येथे तपासणीच काही अंशी उपचार ठरली.

आता पोटातील दुर्बिणीकडे, म्हणजे लॅपरॉस्कोपीकडे वळू. पॅरिसमध्ये राउल पामर यांनी १९४० नंतरच्या दशकात स्त्रीरोगांसाठी तिचा पाया घातला आणि इंग्लंडमध्ये पॅट्रिक स्टेप्टो यांनी तिचा प्रसार केला. ओल्डहॅम येथे जुलै १९७८ मध्ये जन्मलेल्या पहिल्या ‘टेस्ट ट्यूब’ बालकासाठी स्त्रीबीज काढले गेले ते याच दुर्बिणीच्या साहाय्याने. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्यात सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुसरे असे बालक जन्मले. त्या काळी दुर्बिणीतून बीजांडकोशापर्यंत पोहोचता येते की नाही, हे पाहणे हा उपचाराचाच भाग होता. पुढे १९८० नंतरच्या दशकात सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत योनिमार्गाने सुई घालून बीज काढता येऊ लागले आणि दुर्बिणीची ती गरज संपली. तरी सवय उरली. ‘उपचारापूर्वी एकदा आत पाहून घेऊ’ हे वाक्य अजूनही कानी पडते.

पाहावे, पण कशासाठी? समजा, पतीच्या वीर्यात शुक्रजंतू अत्यल्प आहेत आणि म्हणून शरीराबाहेर फलन घडविण्याचे ठरले आहे. बीज थेट बीजांडकोशातून घ्यावयाचे आणि गर्भ थेट गर्भाशयात ठेवावयाचा, तर नलिका उघड्या आहेत की मिटलेल्या, याने काय बिघडते? एक अपवाद आहे. नलिका बंद होऊन पाण्याने फुगली असेल, तर तो द्रव गर्भाशयात झिरपून गर्भ रुजण्यास अडथळा करतो. अशी नलिका आधी काढून टाकल्याने किंवा गर्भाशयालगत बंद केल्याने यश वाढते. सोनोग्राफीत ती दिसली, तर दुर्बिणीला खरे काम आहे. पाळीत असह्य वेदना असतील आणि गर्भाशयाचे अस्तर बाहेर रुजल्याचा संशय असेल, तेव्हाही तसेच. कॅनडातील ३४१ स्त्रियांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य स्वरूपाचा हा विकार दुर्बिणीतून काढलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के आणि नुसता पाहून सोडलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के स्त्रियांना छत्तीस आठवड्यांत गर्भ राहिला. लाभ खरा, पण शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिक गर्भधारणेची वाट पाहण्यास हाती वेळ असलेल्या तरुण स्त्रीलाच तो विशेष उपयोगाचा.

भारतात एक शंका नेहमी मनात बाळगावी लागते, ती जननेंद्रियांच्या क्षयाची. हा रोग मूकपणे नलिका पोखरतो आणि पुष्कळदा मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच प्रथम उघडकीस येतो. येथे अस्तराचा तुकडा काढणे निरर्थक नाही. परंतु जंतूंच्या अंशाचा शोध घेणारी अतिसंवेदनशील चाचणी एकटीच सदोष आली, तर रोग सिद्ध होत नाही. तेवढ्यावर सहा महिने क्षयाची औषधे सुरू करण्यापूर्वी जंतूंची वाढ, सूक्ष्मदर्शकाखालील पुरावा आणि इतर लक्षणे यांचा मेळ पाहावा. शिवाय औषधांनी रोग हटला तरी एकदा नष्ट झालेल्या नलिका परत येत नाहीत.

गर्भाशयाच्या आत दुर्बीण घालून पाहण्याचेही असेच आहे. सोनोग्राफी निर्दोष असताना शरीरबाह्य फलनापूर्वी सरसकट ही तपासणी केल्याने अपत्यप्राप्ती वाढत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या युरोपीय अभ्यासांत आढळले. सोनोग्राफीत मांसल गाठ किंवा पडदा दिसला असेल तर गोष्ट वेगळी. बीजांडकोशातील शिल्लक बीजांचा अंदाज देणारी ए.एम.एच. ही रक्ततपासणी औषधाची मात्रा ठरविण्यास उपयोगी आहे. पण तिचा आकडा कमी आला म्हणून नैसर्गिकरीत्या मूल होणार नाही, असे भाकीत तिच्यावरून करता येत नाही. या आकड्याने घाबरलेल्या तरुण मुली दवाखान्यांत पुष्कळ दिसतात.

तपासणी न करण्याचीही किंमत असते आणि करण्याचीही. वयाप्रमाणे ती बदलते. सव्विसाव्या वर्षी तीन महिने गेले तर फारसे बिघडत नाही. अडतिसाव्या वर्षी दुर्बिणीची तारीख मिळविणे, शस्त्रक्रियेतून सावरणे आणि मग पुन्हा वाट पाहणे, यांत जे महिने जातात ते कोणताही उपचार परत देऊ शकत नाही. म्हणून वैद्याकडे जाताना जुनी फाईल, विशेषतः क्ष-किरणांची मूळ चित्रे आणि शस्त्रक्रियेची टिपणे, सोबत न्यावी. मध्यंतरी नवा आजार किंवा शस्त्रक्रिया झाली नसेल, तर दोन वर्षांपूर्वीच्या नलिकाचित्रावर पुष्कळदा आजही विसंबता येते. आणि पतीनेही बरोबर जावे.