सार्वजनिक आरोग्याचे निर्णय आणि ऑनलाइन नकाशे

साथीच्या काळात औषधे कोठे पाठवावीत, लसीकरणाचे शिबिर कोणत्या वस्तीत घ्यावे, असे निर्णय गाव व तालुका पातळीवर घ्यावे लागतात. त्यांत ऑनलाइन नकाशांचा उपयोग कसा होतो व कोणती दक्षता घ्यावी लागते, हे आपण सातारा व सांगली जिल्ह्यांच्या आधारे समजून घेऊ.

१. यादी आणि नकाशा

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ पसरली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृत्यूंचा संबंध ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाशी जोडला. त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे हीच माहिती त्यांनी नकाशावर मांडली. रुग्णांची यादी 'किती' ते सांगते. नकाशा 'कोठे' आणि 'कशाजवळ' तेही दाखवतो.

आज ओपनस्ट्रीटमॅप किंवा इस्रोचे 'भुवन' यांसारखी साधने सर्वांना खुली आहेत. त्यांतील नकाशावर गावे, रस्ते, पाण्याचे स्रोत, आरोग्य केंद्रे असे माहितीचे थर एकावर एक ठेवता येतात.

२. थरांचा उपयोग

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुराची रेषा, रस्ते आणि आरोग्य केंद्रे एकाच नकाशावर ठेवल्यास कोणत्या गावांची वाट आधी बंद होईल हे कळते. मग सर्पदंशावरील लस तेथे आगाऊ पोहोचवणे, प्रसूतीची वेळ जवळ आलेल्या स्त्रियांना सुरक्षित स्थळी हलवणे हे निर्णय पाणी चढण्यापूर्वी घेता येतात. पूर ओसरल्यावर कोणत्या विहिरींत टी.सी.एल. पावडर प्रथम टाकावी, याचा क्रमही त्याच नकाशावरून ठरवता येतो.

३. नकाशा वाचताना घ्यावयाची दक्षता

(अ) सरळ अंतर म्हणजे वाट नव्हे. साताऱ्यातील कांदाटी खोऱ्याच्या गावांना कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडण्यासाठी लाँचचा आधार घ्यावा लागतो. नकाशावर जवळ दिसणारा दवाखाना रात्री, वादळात फार दूरचा ठरतो. म्हणून अंतर किलोमीटरऐवजी लागणाऱ्या वेळात मोजावे.

(आ) संख्या म्हणजे प्रमाण नव्हे. मिरज शहरात रुग्णांचे ठिपके अधिक दिसतील, कारण तेथे माणसेच अधिक आहेत. जत किंवा माण तालुक्यातील लहान गावातले पाच रुग्ण अधिक गंभीर संकेत असू शकतात. तुलना करताना दर हजार लोकसंख्येमागील प्रमाण काढावे.

(इ) रिकामी जागा म्हणजे निर्मनुष्य जागा नव्हे. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेली कुटुंबे या दोन्ही जिल्ह्यांत शेताकडेला कोप्या बांधून राहतात. उन्हाळ्यात काढलेल्या उपग्रहचित्रात त्या कोप्या नसतात. मतदारयादीत त्यांची नावे येथे नसतात. केवळ नकाशावर विसंबून लसीकरणाची आखणी केली, तर कोपीतले मूल वगळले जाते, आणि ते वगळल्याची नोंदही कोठे होत नाही. ही उणीव संगणक भरून काढू शकत नाही. आशा कार्यकर्ती, मुकादम, शाळेतील शिक्षक यांना विचारूनच ती भरता येते.

(ई) ठिपका म्हणजे एक माणूस. रुग्णाचे घर ओळखू येईल असा नकाशा जाहीर केल्यास त्या कुटुंबावर बहिष्काराची वेळ येऊ शकते. सार्वजनिक नकाशात माहिती गाव किंवा प्रभाग पातळीवरच द्यावी.

४. सारांश

नकाशा निर्णय घेत नाही. निर्णय घेणाऱ्याला काय दिसावे एवढे तो ठरवतो. त्यामुळे नकाशात काय आहे याइतकेच काय नाही, हे विचारणे महत्त्वाचे आहे.

स्वयंअध्ययनासाठी कृती

तुमच्या गावाचा किंवा प्रभागाचा ऑनलाइन नकाशा उघडा. त्यावर न दिसणारी एक वस्ती शोधा. तेथून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पावसाळ्यात पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे तेथील रहिवाशांना विचारा आणि दहा ओळींत लिहा.