रॉयल्टी नाकारणाऱ्याचा अल्बम

फेब्रुवारी १९९३. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, कॅनन फॉल्स गावाजवळच्या झाडीत असलेला 'पॅकिडर्म' स्टुडिओ 'सायमन रिची ब्लूग्रास एन्सेम्बल' या नावाने आरक्षित झाला होता. हे नाव म्हणजे बुरखा होता. 'सेक्स पिस्टल्स' या पंक बॅन्डच्या सिड व्हिशसचं खरं नाव सायमन रिची. त्या नावाआड येणार होते 'निर्वाणा' या रॉक बॅन्डचे तिघे: कर्ट कोबेन, क्रिस्ट नोव्होसेलिक आणि डेव्ह ग्रोल.

सप्टेंबर १९९१ मध्ये आलेल्या 'नेव्हरमाइन्ड'ने त्यांचं आयुष्य बदलून टाकलं होतं. जानेवारी १९९२ मध्ये त्या अल्बमने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं. मात्र त्याचा गुळगुळीत, चकचकीत ध्वनी कोबेनला खटकत होता. पुढच्या अल्बममध्ये बॅन्ड जसा वाजवतो तसाच ऐकू यावा, असं त्याला वाटत होतं. म्हणून त्याने शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनीला गाठलं.

अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे, ध्वनिमुद्रण करणारा म्हणवून घेई. काम सुरू होण्याआधी त्याने बॅन्डला एक सविस्तर पत्र लिहिलं. काम थोड्या दिवसांत उरकावं, बाहेरच्यांची लुडबुड नसावी, या अपेक्षा त्यात होत्या. पैशांबाबत त्याने मांडलेली भूमिका मात्र या व्यवसायात विरळा होती. अशा कामाला विक्रीतला एक-दीड टक्का मिळण्याची रीत होती. तीस लाख प्रती खपतील असं धरलं, तर ही रक्कम चार लाख डॉलरच्या घरात जात होती. ती घेणं अल्बिनीला अनैतिक वाटत होतं. प्लंबरसारखं काम करावं आणि कामाचे पैसे घ्यावेत, एवढंच त्याचं म्हणणं. त्याने ठरावीक एक लाख डॉलर घेतले. रॉयल्टी घेतली नाही.

त्याच वर्षी 'द बॅफलर' या नियतकालिकात त्याचा एक गाजलेला लेख आला. अडीच लाख प्रती खपलेल्या एका काल्पनिक बॅन्डचा जमाखर्च त्याने त्यात मांडला होता. रेकॉर्ड कंपनीला सात लाख दहा हजार डॉलर, निर्मात्याला नव्वद हजार आणि बॅन्डमधल्या प्रत्येकाच्या हाती जेमतेम चार हजार! रॉयल्टी नाकारण्यामागे हा हिशोब होता. संगीत ज्यांचं, कमाई त्यांची.

पॅकिडर्ममध्ये तिघे बरंचसं एकत्र, एका दमात वाजवत. ग्रोलच्या ड्रम्सभोवती अल्बिनीने भरपूर मायक्रोफोन लावले. त्यामुळे ड्रमवरच्या घावाबरोबर खोलीचा घुमारही टेपवर उतरला. मूळ वादन सहा दिवसांत आटोपलं आणि मिक्सिंगसह सगळं काम सुमारे दोन आठवड्यांत संपलं. स्टुडिओचं भाडं सुमारे चोवीस हजार डॉलर झालं. ते बॅन्डने स्वतःच्या खिशातून भरलं.

यानंतर वाद पेटला. बॅन्डच्या रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना टेप रुचल्या नाहीत. कंपनी हा अल्बम काढेल असं वाटत नाही, असं अल्बिनी 'शिकागो ट्रिब्यून'शी बोलून गेला, आणि 'न्यूजवीक'नेही तोच सूर लावला. बॅन्डने 'न्यूजवीक'ला लिहिलेलं खुलाशाचं पत्र 'बिलबोर्ड'मध्ये पानभर जाहिरात म्हणून छापलं गेलं. पुढे गायकाचा आवाज आणि बेस अधिक स्पष्ट हवेत, असं बॅन्डलाही वाटू लागलं. मास्टरिंगमध्ये बॉब लडविगने थोडे बदल केले. 'आर.ई.एम.' या बॅन्डसोबत काम केलेल्या स्कॉट लिटने 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही दोन गाणी नव्याने मिक्स केली.

सप्टेंबर १९९३ मध्ये 'इन युटेरो' बाजारात आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. वॉलमार्ट आणि केमार्ट या दुकानसाखळ्यांनी सुरुवातीला तो विकायला नकार दिला होता. पुढे आवरणाचा मागचा भाग आणि एका गाण्याचं छापील नाव बदलून, त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती काढण्यात आली. एप्रिल १९९४ मध्ये कोबेन गेला. हा 'निर्वाणा'चा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला.

अल्बिनीने पुढेही, मे २०२४ मध्ये निधन होईपर्यंत, रॉयल्टी न घेण्याचं तत्त्व सोडलं नाही. 'इन युटेरो'मध्ये तडजोडी झाल्या, पण त्यांवर शेवटचा शब्द बॅन्डचाच होता, आणि अल्बिनीचा आग्रहही तोच होता. लिटने नव्याने मिक्स केलेल्या त्या दोन गाण्यांची अल्बिनीने केलेली मूळ मिक्स २०१३ च्या विशेष आवृत्तीत उपलब्ध आहेत. वाचकांनी ती आणि लिटची मिक्स लागोपाठ ऐकावीत, आणि कोणती खरी वाटतात ते स्वतःच्या कानांनी ठरवावं.